सावळझरी हॉल्टच्या वच्छलाकाकू

गाडी येऊन निघून जाईपर्यंत वच्छलाकाकू कधी बसत नसत. पुलगाव-आर्वीच्या त्या छोट्या गाडीला सावळझरीला पोचायला उशीर व्हायचा हे ठरलेलंच, आणि तेवढा सगळा वेळ काकू उभ्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं, आणि रूळ जिथे वळून बाभळींच्या मागे नाहीसे होतात तिकडे बघत राहायचं. "काकू, बसा की, शिट्टी ऐकू येईलच," असं कोणी म्हटलं की त्या म्हणत, "शिट्टी तं इंजिनाची होये बापा. माणसायची शिट्टी कुठी राह्यते?"

हॉल्ट म्हणजे स्टेशन नव्हे. तिथे मास्तर नसतो, सिग्नल नसतो, घंटा नसते. सावळझरीला होती ती एक खोली, तिच्यापुढे पत्र्याची पडवी, दोन कडुलिंब आणि नावाची पाटी. तिकिटं विकायचं काम गावातल्याच एखाद्याकडे दिलेलं असे. आधी ते काकूंच्या सासऱ्यांकडे होतं, मग नवऱ्याकडे, आणि नवरा गेल्यावर काकूंकडे आलं. मुळात तिथे गाडी थांबायचं कारणच नव्हतं. काकूंच्या सासऱ्यांच्या लहानपणी कापसाने भरलेले डबे ओढताना त्या चढावर इंजिन दमायचं, वाफ धरेपर्यंत उभं राहायचं, आणि तेवढ्यात शेतातली माणसं चढून घ्यायची. लोक रोजच चढताहेत म्हटल्यावर कधीतरी तिथे पाटी लागली, मग खोली झाली. काकू सांगायच्या, "गाडी दमली म्हणून आमचं गाव ठेसन झालं."

मी तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा पुलगावला खोली घेऊन राहत होते. पहिल्या दिवशी सावळझरीला उतरले. माझ्याबरोबर चार-पाच माणसं उतरली आणि आपापल्या पायवाटेला लागली. मी पिशवी सावरत होते, तेवढ्यात एक उंच, वाळकुडी बाई झपाझप माझ्याकडे आली. तिने आधी माझं तिकीट घेतलं आणि मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोणाच्या घरी?"

"शाळेत. नवीन बाई आहे मी."

"घ्यायले कोणी आलं नाई?"

"समोरच तर दिसतेय शाळा."

"दिसते बाई. पण मंधात नाला हाय, नाल्यावर लाकूड टाकेल हाय, अन् थे लाकूड सडेल हाय."

खोलीला कडी घालून त्या माझ्याबरोबर निघाल्या. मला राग आला होता. नोकरीचा पहिला दिवस, आणि कोणीतरी हाताला धरून शाळेत सोडल्यासारखी मी फाटकातून आत जात होते. पोरं खिडकीतून बघत होती. त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "ह्या पोचल्या," आणि परत फिरल्या. नाल्यावरचं लाकूड मात्र खरंच सडलेलं होतं.

पुढे कळलं की हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. सकाळी कोण चढलं आणि संध्याकाळी कोण उतरलं हे काकूंच्या डोक्यात असे. गाडी सुटली की त्या पडवीत उभ्या राहून तोंडातल्या तोंडात नावं घेत. एखादं नाव उरलं की त्यांचा चेहरा उतरे. मग जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारणं सुरू होई. "रामभाऊ नाई आले, दिसले का कुठी?" रामभाऊ आर्वीला बहिणीकडे थांबलेले असत. दुसऱ्या दिवशी ते उतरले की काकू त्यांच्यावर जवळजवळ धावून जात. "सांगून जा ना भाऊ! जीव टांगणीले लागते माणसाचा." लोक हसत. पोरं तर त्यांना पाहिलं की मुद्दाम विचारत, "काकू, सगळे उतरले का?"

मीही हसत असे. पण एका संध्याकाळी हसू आलं नाही. मला ताप होता म्हणून मी दुपारीच बसने पुलगावला गेले होते. काकूंना वाटलं मी शाळेतच अडकले. गाडी आली, मी चढले नाही, तेव्हा त्या शाळेत गेल्या. शाळेला कुलूप. मग नाल्यात उतरून बघून आल्या. दुसऱ्या दिवशी मी उतरताच त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी चिडून म्हटलं, "काकू, मी काय लहान आहे का? इतकी काळजी कशाला करायची परक्या माणसाची?"

त्यांनी हात सोडला. पडवीतल्या बाकाच्या कडेला मी बसले. त्या उभ्याच राहिल्या, आणि रुळांकडे बघत बोलल्या.

"आमचे हे पुलगावले गेलते, टिकिटं आणाले. संध्याकाळच्या गाडीनं याचे होते. गाडी आली, हे नाई उतरले. मले वाटलं, बसनं येतीन. मी खोली लावली, घरी गेली, भाकरी केल्या. जेवली बी, बाई. यायची भाकरी झाकून ठेवली अन् निजली." पदराचं टोक बोटाला गुंडाळलं गेलं. "थे तिकडे बाजारात पडले होते, छातीत कळ येऊन. कोणीतरी दवाखान्यात नेलं. नाव मालूम नाई, गाव मालूम नाई. रातभर जित्ते होते म्हणतात. अन् मी जेवली."

त्यानंतर बसने जायची वेळ आली की मी आधी हॉल्टवर जाऊन सांगत असे.

त्यांच्या काळजीत गंमतही असे, नाही असं नाही. एकदा एका म्हातारीची शेळी डब्यातून उडी मारून पळाली आणि तिच्यामागे म्हातारीही खाली उतरली. गार्डने शिट्टी दिली. काकू थेट इंजिनासमोर रुळावर जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून. गार्ड नागपूरचा, हिंदी बोलणारा, चांगलं पोट सुटलेला माणूस. तो मागच्या ब्रेकच्या, म्हणजे गार्डच्या डब्यातून ओरडला, "माई, बकरी के लिए गाडी रुकेगी क्या?" काकूंनी तिथूनच उत्तर दिलं, "बकरी काहाले? बुढी राह्यली ना!" शेळी सापडली, म्हातारी चढली, डब्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंना मात्र त्यात गमतीचं काही दिसलं नव्हतं.

पण ज्या गोष्टीमुळे मी त्यांना विसरू शकत नाही ती नंदाची आहे.

नंदा ही देवरावांची मुलगी. देवराव गावातले चांगले जमीनजुमला असलेले शेतकरी, शब्दाला वजन असलेले. नंदा रोज गाडीने आर्वीला कॉलेजात जाई. हसरी होती, पण घरचा विषय निघाला की गप्प होणारी. एका संध्याकाळी ती गाडीतून उतरली नाही. काकूंनी दोन्ही डबे आतून पाहिले, गार्डला विचारलं. मैत्रिणी म्हणाल्या, ती दुपारी वर्गातच नव्हती. काकू अनवाणी धावत देवरावांच्या घरी गेल्या. देवराव आणि त्यांचा धाकटा भाऊ मोटारसायकलवर निघाले आणि नंदा त्यांना वर्ध्याच्या बसस्टँडवर सापडली. तिला दुसऱ्या दिवशी नागपूरला नर्सिंगच्या प्रवेशासाठी मुलाखतीला जायचं होतं. घरी विचारलं असतं तर नाही म्हटले असते, म्हणून न सांगता निघाली होती. दोघांच्या मध्ये बसवून त्यांनी तिला परत आणलं.

काकूंना आधी फार बरं वाटलं. "सापडली, बाई, सापडली," असं त्या भेटेल त्याला सांगत होत्या. मग समजलं की नंदाचं कॉलेज बंद झालं, आणि पाहुणे बघायला येणार आहेत. काही दिवसांनी नंदा आईबरोबर शेतात जाताना हॉल्टवरून गेली. आई पुढे झाल्यावर ती काकूंपाशी थांबली. मी तिथेच होते.

"काकू," ती म्हणाली, "एक दिवस तुमी मले नसतं मोजलं तं काय झालं असतं?"

आणि उत्तराची वाट न बघता ती पुढे निघून गेली. त्या संध्याकाळी गाडी आली तेव्हा काकू पहिल्यांदाच पडवीत मागे उभ्या राहिल्या. कोण उतरलं ते त्यांनी पाहिलं, पण कोणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या देवरावांकडे गेल्या. "पोरीले शिकू द्या भाऊ, मी सोबत जाईन तिच्या, मुलाखतीले," असं म्हणाल्या. देवरावांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, मधल्या सुट्टीत, मी चहा प्यायला हॉल्टवर गेले होते. पुलगावकडे जाणारी दुपारची गाडी यायची होती. नंदाचं लग्न अजून जमलं नव्हतं. ती कापडी पिशवी घेऊन आली आणि खिडकीशी उभी राहिली.

"पुलगाव," ती म्हणाली.

काकूंनी पिशवीकडे पाहिलं. "घरी सांगतलं?"

"नाई."

"कुठी जाशीन?"

"नागपूरले. नंबर लागला हाय माझा. मैत्रिणीनं फॉर्म भरलता." तिने पैसे फळीवर ठेवले. "तुमी सांगान का?"

काकूंच्या हातात तिकीट होतं आणि तो हात खिडकीच्या आतच होता. मला वाटलं, त्या देणारच नाहीत. बाभळींच्या मागून शिट्टी आली. मग त्यांनी तिकीट पुढे केलं.

"नंदे, मले एकच दे. पोचली की कळव. कसंबी कळव. मी कोणाले नाई सांगत, पण मले कळव."

गाडी आली. काकू गार्डपाशी जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलल्या. गार्डने मान हलवली. नंदा चढली. गाडी सुटल्यावर काकू भिंतीला टेकल्या. "बाई," त्या मला म्हणाल्या, "तिच्यापाशी पाण्याची बाटली होती का? म्या पायलंच नाई."

अंधार पडायच्या आत देवराव आले, पाठोपाठ भाऊ. माझी परतीची गाडी यायची होती म्हणून मी तिथेच होते.

"नंदा इथून गेली म्हणते कोणी."

"गेली," काकू म्हणाल्या. "मीच टिकीट देल्लं."

"कुठचं?"

काकूंचं बोट पदरात पार गुंडाळलं गेलं होतं, टोक पांढरं पडलं होतं. त्या बाईने आयुष्यात कधी कोणाच्या जाण्यायेण्याबद्दल चुकीचा शब्द सांगितला नव्हता.

"आर्वीचं," त्या म्हणाल्या.

मोटारसायकल आर्वीच्या दिशेने गेली. ती दिसेनाशी झाल्यावर काकू मागच्या बाजूला गेल्या आणि त्यांना उलटी झाली. मी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "अन् तिले वाटेत काई झालं तं? मी बापाले उलट्या रस्त्यानं धाडलं, बाई. काई झालं तं मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वाण्याच्या दुकानात फोन होता. काकू तिकिटं विकायच्या, गाडी गेली की दुकानात जायच्या, वाण्याच्या तोंडाकडे बघायच्या आणि परत यायच्या. काही विचारणं शक्य नव्हतं. विचारलं असतं तर गावाला कळलं असतं. ज्या बाईचा दिवस विचारण्यात जायचा, ती आता तोंड मिटून बसली होती. खरं तर बसलीही नव्हती, उभीच होती. गार्डही बदलीवर दुसरा आला होता. नेहमीचा सुट्टीवर नागपूरला घरी गेला होता. त्या जेवतात की नाही कोण जाणे. मी डबा पुढे केला की एक घास घेऊन हातात धरून ठेवायच्या.

आठवडा होत आला आणि नेहमीचा गार्ड परतला. गाडी वळणावर दिसली तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर होते. गाडी अजून थांबलीही नव्हती. ब्रेकच्या डब्यातून बाहेर वाकून तो एवढ्या मोठ्याने ओरडला की मला शाळेत ऐकू आलं.

"माई! पहुँच गई! हॉस्टल में जाके, मिलके आया मैं!"

काकू खाली बसल्या. सरळ जमिनीवर, पडवीच्या मातीत. गाडी उभी होती, माणसं उतरत होती, आणि काकू बसल्या होत्या. तोंडाला पदर लावून त्या रडत होत्या, आणि गार्ड शिट्टी न देता थांबला होता.

ही ओरड ऐकली ती मी एकटीने नव्हे. संध्याकाळपर्यंत सगळं गाव जाणून होतं. देवराव हॉल्टवर आले, त्यांनी खिडकीच्या फळीवर मूठ आपटली. "आमची पोरगी पळवली तुमी!"

काकू मागे सरल्या नाहीत. "पळवली नाई भाऊ. टिकीट देल्लं. हॉल्ट हाय हे, कोंडवाडा नाई."

काकूंचं काम काढून घ्यावं म्हणून वरती तक्रार गेली. एक साहेब चौकशीला आला. गावातलं कोणी काकूंच्या विरुद्ध बोललं नाही, बाजूनेही फारसं नाही. साहेब चहा पिऊन गेला. काम राहिलं, पण तोवर काकूंच्या कपाळावरची शीर कधी खाली बसली नाही. नंदा शिकली, नर्स झाली. देवराव अंथरुणाला खिळले तेव्हा तिनेच त्यांचं सगळं केलं. देवरावांनी मुलीला माफ केलं. काकूंना नाही. शेवटपर्यंत ते त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि देवरावांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी काकू संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, त्यांना घेऊन गेलेली गाडी परत आली का बघत.

मग छोटी गाडी बंद झाली. बंद झाली असं कोणी सांगितलंच नाही. एके दिवशी आली नाही, "काही दिवस येणार नाही" असं कळलं, आणि ते काही दिवस संपले नाहीत. काकू खोली उघडत, झाडत, पडवीत उभ्या राहत. रुळांत तरोट्याचं रान माजलं. लोक फाट्यावरून बसने, ऑटोने, मोटारसायकलने जाऊ लागले. काकूंची काळजी गाडीबरोबर संपेल असं आम्हाला वाटलं होतं. ती उलट वाढली. त्या फाट्यावर जाऊन उभ्या राहू लागल्या, पण तिथे काही जमेना. कोण कधी गेलं, कशाने आलं, कोणत्या रस्त्याने घरी शिरलं, काही पत्ता लागत नसे. मला म्हणाल्या, "गाडी होती तवा सारे एका दारातून येत. आता गावाले दार नाई राह्यलं, बाई."

मी निवृत्त होऊन वर्ध्याला पिपरी मेघेत राहायला आले. अधूनमधून सावळझरीला जाई. अलीकडे रुंद रुळांचं काम सुरू झालं, मोजणीची माणसं आली. नव्या मार्गावर सावळझरीला थांबा नव्हता. गावकऱ्यांनी मिळून साहेबाला गाठलं, थांबा द्या म्हणून. बोलणारे पुष्कळ बोलले. शेवटी काकू पुढे झाल्या. केस पूर्ण पांढरे, मान हलत होती.

"थांबली नाई तं चालंन साहेब. पण इथं हळू तं होईन ना? पोट्टे शाळेले रूळ वलांडून जातेत."

साहेब तरुण होता. त्याने कागदाकडे पाहिलं, मग काकूंकडे. "आजी, खाली बोगदा देऊ आम्ही, रस्त्यासाठी."

"बोगद्यात पाणी भरते," काकू म्हणाल्या.

गेल्या वर्षी काकूंचा पुण्यात राहणारा मुलगा त्यांना तिकडे घेऊन गेला आणि तिथेच त्या गेल्या. त्यांच्या सुनेने फोनवर सांगितलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या पुण्याला जायच्या काही आठवडे आधी, हॉल्टची खोली पाडली त्या दिवशी.

सकाळ होती. जेसीबी आणलेला होता. भराव टाकायला खोली आड येत होती. बघायला दहा-वीस माणसं जमली होती. चालवणारा मुलगा बाहेरच्या मुलखातला, कानात वायर घातलेला. त्याने यंत्र सुरू केलं, हात उचलला, तेवढ्यात काकू काठी टेकत पुढे गेल्या. लोक ओरडले. मुलाने यंत्र थांबवलं.

"अंदर कोई नहीं है, अम्मा."

"पायलं का?"

"कौन रहेगा इसमें? खाली है."

"उतरून पाय एकडाव."

मुलगा वैतागला, पण उतरला. दारातून आत डोकावला, हात झटकून म्हणाला, "खाली है."

काकूंचं समाधान झालं नाही. त्या स्वतः आत गेल्या. मी बरोबर जायला निघाले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. आत त्यांची काठी जमिनीवर ठकठक करत कोपऱ्याकोपऱ्यातून फिरताना ऐकू येत होती. कोणी हसलं नाही. जेसीबीचा मुलगा कानातली वायर काढून उभा होता.

काकू बाहेर आल्या. "कोणी नाई," त्या म्हणाल्या. मग वळून त्यांनी दार ओढलं, कडी घातली, ती नीट बसली का ते ओढून पाहिलं, आणि पडवीतून खाली उतरल्या.